फिरवलेली फरशी

धुक्यामुळे विमान उशिरा उतरलं. शहर बघायला म्हणून राखून ठेवलेला अख्खा दिवस गेला आणि हातात उरली ती दुपार, तीही अर्धीमुर्धी.

बारक्याने मनातल्या मनात हिशेब मांडला. जहाजाचं दार संध्याकाळी बंद होणार होतं. मोठं सामान परस्पर बंदरावर गेलं होतं. आईकडे तिची कापडी पिशवी होती, त्याच्या पाठीवर एक बॅग. म्हणजे गावातून एक फेरफटका, कुठेतरी बसून काहीतरी गरम, आणि तिथून थेट जहाज. जमण्यासारखं होतं.

जमत नव्हती ती आई. विमानतळाच्या हॉलमध्ये ती एका बाकावर बसली होती आणि उठायचं नाव घेत नव्हती.

"मी परत जाते," ती म्हणाली. "तू जा पुढे. ताईला सांग, आईला बरं नव्हतं."

"बरं नसायला काय झालंय तुला?"

"थापी गेली ना रे."

थापी बाबांची होती, लोखंडी पात्याची. बाबा फरशीवाले. आयुष्यभर लोकांच्या घरात गुडघ्यांवर बसून फरशा बसवल्या. थापीच्या मुठीला आईने जुन्या फुलाफुलांच्या पडद्याची चिंधी गुंडाळून दिली होती, हाताला घट्टे पडू नयेत म्हणून. घट्टे पडायचे ते पडलेच. पण चिंधी मात्र त्यांनी कधी काढली नाही.

बाबा गेले तेव्हा ताई समुद्रात होती. ती जहाजावरच्या लाँड्रीत काम करते, चादरींना इस्त्री करते. तिला फोनवर कळलं आणि जहाज त्यानंतर कितीतरी दिवस किनाऱ्याला लागलंच नाही. तेव्हापासून ती घरी आली नव्हती. सुट्टी मिळायची, पण यायची नाही. "बाबा नसलेल्या घरात पाऊल टाकवत नाही," म्हणायची. शेवटी तिनेच घरच्या माणसांसाठी मिळणारा पास काढला आणि दोघांना बोलावून घेतलं. आईने समुद्र कधी पाहिला नव्हता. बाबा म्हणायचे, एकदा दाखवतो तुला. म्हणून आईने थापी बरोबर घेतली. बाबांना नाही तर निदान थापीला घेऊन जाऊ.

आणि ती मोठ्या बॅगेत टाकू दिली नाही. "सामानात एकटी कशाला जाईल ती?" म्हणून पिशवीत ठेवली. निघतानाच्या विमानतळावर तपासणीवाल्याने ती बाहेर काढली.

"हे हत्यार आहे, मावशी."

"हत्यार कसलं, अवजार आहे."

"तेच ते. नेता येणार नाही."

त्याने थापी एका निळ्या डब्यात टाकली. टण् असा आवाज झाला. तेव्हापासून आई बोलली नव्हती, ती आत्ता बोलली.

बारक्याला राग आला तो स्वतःचाच. मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो, कुठल्याही यंत्राचं पोट उघडून बघतो, आणि एवढी साधी गोष्ट लक्षात येऊ नये? बारक्या हे बाबांनी ठेवलेलं नाव. आता तो दारातून वाकून आत येतो, तरी नाव तेच.

"आई, ताई वाट बघतेय गं," तो म्हणाला. "तू आली नाहीस तर ती पुन्हा कधी..."

आई खाली बघत होती. ती कुठेही गेली की आधी जमीन बघते. फरशीवाल्याची बायको.

"हे बघ," ती एकदम म्हणाली.

हॉलची फरशी जुनी, नक्षीची होती. चार फरशा मिळून एक फूल. अशी फुलंच फुलं, भिंतीपर्यंत. आईच्या बाकाच्या पायाशी एका फुलाची एक पाकळी मात्र बाहेर तोंड करून होती. चारातली एक फरशी फिरवून बसवलेली.

आता हे सांगायला हवं. बाबा प्रत्येक कामात एक फरशी मुद्दाम फिरवून बसवायचे. कोपऱ्यात, पलंगाखाली येईल अशी, मालकाला कधी कळणार नाही अशी. काम संपलं आणि फरशांमधले सिमेंटचे जोड वाळले की शेवटच्या दिवशी आईला बघायला न्यायचे. हात पाठीमागे बांधून भिंतीशी उभे राहायचे. आई खोलीभर फिरायची, शोधायची, आणि सापडली की तिच्यावर पायाचा अंगठा टेकवायची.

"सापडलात."

"सापडलो बुवा," बाबा म्हणायचे.

ताई आणि बारक्याही लहानपणी हा खेळ खेळले होते. पण आईइतक्या चटकन कुणालाच सापडायची नाही.

"चुकून बसली असेल," बारक्या म्हणाला. "बघ की, किती जुनी आहे. कडा पण झिजल्यात."

"चुकूनच," आई म्हणाली. तिने अंगठा पुढे केला आणि फरशीवर टेकवला. मग पिशवी उचलली. "चल, गाव तरी बघू. बंदरावर गेल्यावर काय ते ठरवीन."

तेवढ्यावरही बारक्या खूश होता.

टॅक्सीवाला गप्पिष्ट निघाला. जहाज पकडायचंय म्हटल्यावर म्हणाला, "जुन्या बाजाराच्या वरच्या टोकाला सोडतो. तिथून उतारच उतार आहे, पाय आपोआप बंदराला पोचतील. रस्ता विचारायलाच नको."

"तुमचे उपकार झाले," आई म्हणाली.

"उपकार कसले, काकू? भाडं घेणारच आहे मी."

आई पहिल्यांदा हसली.

बाजाराची गल्ली अरुंद होती. दोन्ही बाजूंना दुकानं, वर कमानी, खाली सलग फरसबंदी. धुकं वर गेलं होतं, तरी छपरांना अजून चिकटून होतं. ओल्या दगडाचा, ताज्या पावाचा आणि लाकडाच्या भुश्शाचा वास येत होता. कुणीतरी शटर वर सरकवत होतं. बारक्याने आईला एका दुकानातून भाजलेले शेंगदाणे घेऊन दिले. ती कागदाच्या पुडीत हात घालत, दुकानं बघत सावकाश चालली.

चपलांच्या दुकानाच्या उंबऱ्यापाशी ती थांबली.

"बारक्या."

पुन्हा तेच फूल, आणि पुन्हा एक पाकळी बाहेर.

ही फरशी झिजलेली नव्हती. गुळगुळीत झाली होती, पण कडा शाबूत होत्या. चार-सहा वर्षांची असेल फार तर. बारक्याने फोन काढून फोटो घेतला. बाबांनी आपलं गाव सोडून कधी काम केलं नव्हतं. या शहराचं नावही त्यांनी ऐकलेलं नसणार.

"इथली पद्धत असेल," तो म्हणाला.

"असेल," म्हणत आईने अंगठा टेकवला.

चपलावाला आतून म्हणाला, "या ना आत, बघायचे पैसे पडत नाहीत."

"जहाज आहे हो आमचं," आई म्हणाली. जहाज तिच्याच मालकीचं असल्यासारखं. बारक्याने तिच्याकडे चमकून बघितलं. परत जाते म्हणणारी ती हीच का?

तिसरी खाली औषधाच्या दुकानाबाहेर सापडली. आईने ती लांबूनच पाहिली आणि तरातरा पुढे गेली. बारक्या मागून आला, उकिडवा बसला, बोट फिरवलं. भोवतीचा जोड पांढराशुभ्र होता. गल्लीत दिवसभर माणसं येतात, जातात, थुंकतात, पाणी ओततात. जोड काळा पडायला दोन महिने पुरतात, हे त्याला लहानपणापासून माहीत. हा जोड काळा पडलाच नव्हता.

पहिली झिजलेली, दुसरी गुळगुळीत आणि ही तिसरी जवळजवळ नवी.

जिथे कारण सापडत नाही, तिथे वायर सैल असते नाहीतर आत पाणी गेलेलं असतं, असा बारक्याचा धंद्यातला अनुभव. त्याने इकडे तिकडे पाहिलं. वायरही नव्हती, पाणीही नव्हतं. मानेवरून काहीतरी थंड सरकलं. त्याने कॉलर वर केली.

"बरं झालं बाई उशीर झाला," आई म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "वेळेवर आलो असतो तर बसमधून फिरवलं असतंस मला. वरच्या वर."

"आई, आपण सरळ बंदरावर जाऊ या का?"

"सरळच तर चाललोय."

तेव्हा त्याने तो आवाज ऐकला. ठक ठक. मग जरा थांबून, ठक. लाकडी मुठीने फरशी ठोकून बघतात तसा. फरशीखाली पोकळी राहिली तर आवाज ढबढब येतो, भरीव बसली तर असा कोरडा येतो. बाबा कान खाली लावून ऐकायचे. ठक ठक. थांबायचे. ठक.

आवाज उताराच्या तळाकडून येत होता. आईने ऐकला की नाही, कळलं नाही. ती चालत होती. फक्त शेंगदाणे खायची थांबली होती.

गल्ली संपली तिथे एक छोटं चहाचं हॉटेल होतं. त्याच्या पलीकडे रस्ता, आणि रस्त्यापलीकडे दोन इमारतींच्या फटीत करडं, हलणारं काहीतरी.

"ते काय?" आईने विचारलं.

"समुद्र."

ती बघत राहिली. "एवढाच?"

"इथून एवढाच दिसतोय. बाकीचा पुढे आहे."

आई हसली आणि डोळे पुसून हॉटेलात शिरली.

आत गर्दी नव्हती. गल्ल्यावरच्या बाई जाडजूड, हसऱ्या. "बसा, बसा. फक्त मागच्या खोलीत जाऊ नका. फरशी ओली आहे."

मागच्या खोलीच्या दारात एक फळी आडवी टाकली होती. आवाज थांबला होता.

"आज बसवली?" बारक्याने विचारलं.

"आत्ताच म्हणा ना," बाई कप पुसत म्हणाल्या. "काय सांगू तुम्हाला, वर्षानुवर्षं ती खोली उखडलेली. फरशा आणून ठेवलेल्या, पण माणूस मिळेना. आज सकाळी धुक्यात एक जण दारात आला. म्हणाला, माझी माणसं यायची आहेत, त्यांना उशीर झालाय. रिकामं बसवत नाही. तुमची फरशी करून देऊ का? चहाशिवाय काही घेतलं नाही हो. देवासारखा आला."

रिकामं बसवत नाही. हे बाबांचं वाक्य होतं. दवाखान्यात, पलंगावर, नाकात नळी असताना म्हटलेलं.

"कसा होता दिसायला?" बारक्याने विचारलं.

आईने त्याच्या मनगटावर हात ठेवला. "नको विचारूस," ती हळूच म्हणाली.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे. मग फक्त म्हणाल्या, "आत्ताच गेला. जहाज गाठायचंय म्हणाला."

आई उठून त्या दारापाशी गेली आणि फळीच्या अलीकडे उभी राहिली. खोलीभर फुलं. जोड ओले, काळपट, ताज्या सिमेंटचा वास. आईची नजर एका टोकापासून निघाली. बारक्याला वाटलं, या वेळी नाही सापडणार. सापडू नये.

उंबऱ्याला लागूनच होती. मालकाला पहिल्या दिवशी दिसेल अशा जागी. बाबांनी अशी कधी बसवली नव्हती. जिला शोधायची तिला आत पाऊल टाकावं लागू नये, अशी.

आईने अंगठा पुढे नेला आणि ओल्या फरशीच्या वर, न टेकवता, तसाच धरला.

"सापडलात," ती म्हणाली.

बाहेर एक सायकल गेली.

फळीच्या टोकावर थापी ठेवलेली होती. पात्याला सिमेंट ओलंच होतं. मुठीला फुलाफुलांच्या पडद्याची चिंधी.

"हां, ती," बाई मागून म्हणाल्या. "ठेवून गेला. म्हणाला, न्यायला येतील. विमानात आणू देत नाहीत म्हणाला."

बारक्या खुर्चीवर बसला.

शेजारच्या टेबलावर एक कप होता, वर बशी उपडी घातलेली. आईने बशी उचलली. कप अर्धा होता. बाबा चहा नेहमी अर्धा प्यायचे आणि उरलेला आईसाठी झाकून ठेवायचे, ती कितीही ओरडली तरी. आईने कपाला तळवा लावून पाहिला.

मग ती बसली आणि सावकाश, एकेक घोट घेत तो चहा संपवला.

"गरम आहे?" बारक्याच्या तोंडून निघालं.

"हो," आई म्हणाली.

हॉटेलवाल्या बाईंच्या मोरीत तिने थापी धुतली, पदराला पुसली, पिशवीत ठेवली. बाईंचे दोन्ही हात हातात घेतले. "तुमचे फार उपकार झाले," म्हणाली. बाईंना कळेना, आपण काय केलं. त्यांनी चहाचे पैसे घेतले नाहीत.

बंदरावर पुन्हा तपासणी होती. बारक्याचा जीव वर-खाली होत होता. आता इथे काढून घेतली तर आईला कसं सावरायचं? पिशवी पट्ट्यावरून आत सरकली. तो मुद्दाम यंत्राचा पडदा दिसेल असा उभा राहिला.

पडद्यावर आईची पिशवी उघडी पडल्यासारखी दिसली. चष्म्याचं घर, पाण्याची बाटली, कंगवा, शेंगदाण्याची पुडी.

थापी नव्हती.

"चला पुढे," तपासणीवाला म्हणाला.

आईने पिशवी उचलून खांद्याला लावली. पिशवी जड असल्यासारखा तिचा खांदा खाली गेला.

ताई जहाजाच्या दारातच उभी होती, कामाच्या कपड्यांत, साबणाचा आणि वाफेचा वास घेऊन. आईने तिला जवळ घेतलं. दोघी इतका वेळ तशाच उभ्या राहिल्या की मागची माणसं बाजूने जाऊ लागली.

"मला वाटलं, तू नाही येणार," ताई म्हणाली.

"आले ना? उशीर झाला जरा."

"मी तेव्हा येऊ शकले नाही गं आई. मी..."

"माहितेय मला. त्यांनाही माहितेय." आईने तिचे केस मागे सारले. "किती वाळलीस. यांच्याकडे खायला देतात की नुसत्या चादरी?"

ताई रडता रडता हसली.

केबिन आगपेटीएवढी. दोन पलंग, एक टेबल, एक गोल खिडकी आणि त्यात आता सगळा समुद्र. आई खिडकीला नाक लावून उभी राहिली. ताईने न्हाणीघराचं दार उघडून दाखवलं. खाली छोट्या छोट्या फरशा, प्रत्येकीवर एक पान, सगळी पानं एका दिशेला.

"आत जपून पाय टाका," ताई म्हणाली. "मधली एक फरशी डगडगते. किती दिवस तक्रार करतेय मी, पण कुणी फिरकत नाही."

बारक्याने लगेच वाकून सगळी पानं तपासली. एकही फिरवलेली नव्हती. त्याला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली.

आईने थापी पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. थापी पिशवीतच होती. धुतलेली, कोरडी.

"ही इथे कशी?" ताई म्हणाली. "काढून घेतली म्हणाला होतास ना तू फोनवर?"

"मिळाली परत," आई म्हणाली.

ताईने थापी उचलली. चिंधीवरून बोट फिरवलं आणि कितीतरी वेळ ती खाली ठेवलीच नाही.

सकाळी बारक्याला जाग आली ती दाराच्या आवाजाने. ताई ट्रे घेऊन आत आली होती, तीन कप चहा. गोल खिडकीतून ऊन आलं होतं. आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. कित्येक महिन्यांत ती एवढी गाढ झोपलेली त्याने पाहिली नव्हती.

"झोपू दे तिला," ताई कुजबुजली. ट्रे टेबलावर ठेवला आणि हात धुवायला न्हाणीघराचं दार उघडलं.

ती आत गेली नाही.

"बारक्या," ती म्हणाली. "रात्री कुणी दुरुस्तीला आलं होतं?"

तो उठून तिच्या मागे जाऊन उभा राहिला.

मधली फरशी घट्ट बसली होती. चारी बाजूंनी जोड भरलेले होते, ओले, काळपट. सगळी पानं दाराकडे होती. त्या एकीचं पान खिडकीकडे होतं, समुद्राकडे.

ताईचा चेहरा हळूहळू बदलत गेला. लहानपणी खोलीभर शोधून शोधून ती दमायची आणि मग अचानक तिला फरशी सापडायची, तेव्हा व्हायचा तसाच. तिने चप्पल काढली. पायाचा अंगठा पुढे केला.

"पाय देऊ नकोस गं," मागून आई म्हणाली. ती अजून भिंतीकडेच तोंड करून होती, डोळे मिटलेले. "ओलं असेल अजून."

ताईचा पाय हवेतच राहिला.

"सापडलात, बाबा," ती म्हणाली.

बारक्या मागे वळला. टेबलावर थापी होती तशीच होती. चिंधी मात्र ओली होती.

ट्रेमध्ये तीन कप. दोन काठोकाठ भरलेले, वाफाळते.

तिसरा अर्धा होता. वर बशी उपडी घातलेली, आणि बशीच्या कडेवर पांढऱ्या सिमेंटमधला अंगठ्याचा ठसा.